चाकातली लुगडी

कारंज्यात मोटर घेणारा मी काही पहिला माणूस नव्हतो, पण मोटर घेऊन पस्तावलेला पहिला नक्की मीच, असं मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना हसत हसत सांगत असे. कापसाच्या एका जिनच्या साहेबानं विलायतेला परतताना काढून टाकलेली ती गाडी, कापडी टपाची, डाव्या बाजूचा दिवा कायमचा मिटलेला. पहिल्यांदा ती आमच्या पेठेतून गेली तेव्हा शेजारच्या एका म्हातारीनं, बैलापुढं ठेवतात तशी मूठभर सरकी तिच्या पुढ्यात ठेवली होती आणि ही खात काहून नाही म्हणून बराच वेळ वाट पाहिली होती. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं शिकलो ती कापडाच्या गाठींवरच्या शिक्क्यांवरून, आणि बाकीचं जग जेवढं कळलं तेवढं बोटांच्या टोकांनी. डोळे बांधून माझ्या हातात नेसतं लुगडं द्या, ते किती धुण्यांचं आहे, नेसणारी उंच आहे की ठेंगणी, डोक्यावर ओझं वाहते की कडेवर, हे मी सांगत असे आणि लोक त्याला जादू म्हणत. जादू कसली? बाईच्या अंगाच्या घड्या कापडात राहतात, एवढंच. असल्या माणसाला भुताखेताचं भय कमी असतं. मलाही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

लढाई सुरू होऊन पाचवं वर्ष लागलं होतं. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे, टायर-ट्यूब तर चिठ्ठीवरही मिळत नसे, आणि कापडाची अशी टंचाई की मयतासाठी कापड मागायला आलेल्या माणसालासुद्धा मला हात जोडून थांबवावं लागे. अशा दिवसांत, भर वैशाखात, मी माझ्या लेकीला, पंचफुलाला, बाळंतपणासाठी आणायला केनवडला गेलो. एकुलती एक लेक. लग्नाला सहा वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा तिसऱ्याच महिन्यात कूस रिकामी झालेली. या खेपेला सातवा लागला होता. आमच्या वैद्यांनी बजावून सांगितलं होतं की छकडा नको, दमणी नको, एक जोराचा हिसका बसला तर मी जबाबदार नाही. म्हणून ती मोटर मी पुन्हा धुऊनपुसून काढली, मागच्या बैठकीवर दोन गाद्या घातल्या, सोबतीला माझी थोरली विधवा बहीण प्रयागबाई घेतली आणि चालवायला मोहनसिंग. हा परदेशी, म्हणजे उत्तरेकडचा, रजपूत, माझ्याकडे चार वर्षांपासून होता. बोलणं वऱ्हाडी-हिंदीची खिचडी, आणि गाडीला कायम शिव्या देऊन गाडी मात्र बाळासारखी जपणारा.

केनवडहून सकाळी ओटी भरून निघालो. फुला गाडीच्या वेगाला फार भीत असे. पुढच्या बैठकीची लोखंडी दांडी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती आणि तोंडानं मात्र अखंड बडबड चालली होती. सासूनं काय म्हटलं, म्हशीला पारडू काय झालं, आईनं पापड केले की नाहीत. मालेगाव मागं टाकून आठ-दहा मैल आलो असू. एकाएकी मागचं डावं चाक बसलं. मोहनसिंगनं गाडी अशी हळू कडेला घेतली की फुलाला धक्काही लागला नाही. उतरून पाहिलं तर बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा, बोटभर लांबीचा, गंजका खिळा टायरात शिरलेला. वरचं जादा चाक आम्ही केनवडला जातानाच खर्ची घातलं होतं. ट्यूब बाहेर काढली तेव्हा ती हवा भरायच्या वालजवळ वीतभर फाटलेली निघाली. तिच्यावर आधीचीच नऊ ठिगळं होती, दहावं चिकटायला रबर कुठलं?

"शेठ, ह्या ट्यूबचं आता क्रियाकर्मच करा," मोहनसिंग म्हणाला.

"मंग काय इथंच संसार मांडू काय रे, लेकीले घेऊन?"

"गवत भरू टायरात. लाहोरच्या रोडवर म्या लय डाव भरलं. हळूहळू चालन, पन चालन."

पण वैशाखात गवत कुठून आणायचं? दोन्ही अंगांना नांगरून ठेवलेली काळी रानं, बांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, बाकी काडी नाही. मोहनसिंग माझ्याकडे पाहून दात काढत म्हणाला, "कपडा तं अजून चांगला, शेठ. आन् कपड्याचा दुकानदार संगं हाये." मी फुलाच्या ट्रंकेकडे पाहिलं, तिच्यात सासरच्या ओटीची लुगडी होती, आणि ती चाकात घालायची म्हणजे प्रयागबाईनं मलाच चाकात घातलं असतं.

शेताच्या टोकाला नाल्यापलीकडे एक विहीर होती आणि तिच्यावर कडुनिंबाची सावली. बहिणीला आणि लेकीला मी तिकडे बसवून आलो. जवळच तांडा होता. नानीबाई नावाची एक बंजारीण, कोपरापर्यंत बांगड्या, ओढणीला आरसे, पाण्याला आली होती. तिनं स्वतःच्या लोट्यातून फुलाला पाणी पाजलं, तिच्या पोटाकडे रोखून पाहिलं आणि लगेच चेष्टा सुरू केली.

"पोट्टी होईन तुले. पोट पाहाय कसं गोल हाये."

"काहून वं, पोरगा काहून नाई?" प्रयागबाई खेकसली. "सहा वर्सं वाट पाह्यली आमी."

"मंग अजून जरा वाट पाहा ना, बुढे. तुले कोठी जायाचं हाये?"

फुला हसली. इतकं मोकळं हसणं मी तिच्या तोंडावर कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी परत फिरलो.

गाडीपासून शंभर-सव्वाशे पावलांवर, नाल्याच्या वळणाआड, कुठल्या तरी गावच्या शिवेचा शेंदूर फासलेला दगड होता आणि त्याच्यामागं एक पळस. पळसाच्या बुडाशी मला कापड दिसलं. जवळ गेलो. टाकलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. तीन लुगडी, घडी घालून एकावर एक. त्यांच्यावर पंधरा-वीस दिवसांची धूळ. एक जांभळ्या अंगाचं आणि पिवळ्या काठाचं, दोन हिरवी. धड होती, कुठं विरलेली नव्हती. ज्या मुलखात लोक पोत्यात शिवून माणसं पुरायला लागले होते, त्या मुलखात तीन धड लुगडी उघड्या रस्त्याकडेला अर्धा महिना पडून होती आणि कोणी हात लावला नव्हता. माझ्यासारख्या व्यवहारी माणसाला तिथंच थांबून विचार करायला हवा होता. मी मात्र माझं नशीब म्हणालो.

लुगडी उचलली तेव्हा त्यांच्याखाली आणखी एक लहानशी चळत निघाली. दोन झबली, एक दुपटं, आणि खणाची एक कुंची. सगळं कोरं, एकदाही अंगाला न लागलेलं. कुंचीला एका बाजूचा बंद लावलेला होता. दुसऱ्या बाजूला सुई टोचलेली तशीच होती, दोऱ्यासकट.

मला तेव्हाच कळलं. कळलं नव्हतं, असं पुढं मी बायकोला सांगितलं, ते खोटं. पोटुशी बाई गेली की तिचं आणि तिच्या न जन्मलेल्या लेकराचं कापड शिवेवर जोडीनं ठेवायचं, म्हणजे ती शोधत घरी येत नाही, ही चाल आमच्याकडच्या किती तरी गावांत होती. मी स्वतः तसं कापड विकलेलं होतं. लुगड्यांवर बोटं फिरली तेव्हा ती बाईही बोटांना कळली. मध्यम उंचीची, बारीक, पदर डाव्या हातानं सावरणारी. फुलाच्याच वयाची असावी.

आणि मग मी हिशेबी माणसासारखा विचार केला. गेलेल्या बाईचं लुगडं म्हणजे शेवटी कापड. ते चाकात जाईल, मातीत जाईल, कुणाला काय होणार? पण गेलेल्या लेकराची कुंची माझ्या लेकीच्या सोबत, तिच्या भरल्या पोटापासून दोन हातांवर न्यायची? ते मला धजवलं नाही. माझ्या नातवाला काही लागू नये म्हणून मी लेकराचे कपडे तिथंच ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक दगडही ठेवला, आणि आईची लुगडी काखेत मारून निघालो. आपण मोठ्या काळजीनं वागलो असं मला वाटलं होतं, हे मी आजही विसरू शकत नाही.

मोहनसिंगनं लुगडी पिळे घालून, हातोडीच्या दांड्यानं ठोकून ठोकून टायरात भरली. कुठून आणली हे त्यानं विचारलं नाही. शेवटचं जांभळं आत जात असतानाच, फुलाला हात धरून नानीबाई नाल्याच्या चढणीवरून वर आली. तिनं चाकाकडे पाहिलं. बाहेर लोंबणाऱ्या पिवळ्या काठाकडे पाहिलं. मग तिनं फुलाचा हात सोडला, अगदी हळू, निखारा खाली ठेवावा तसा.

"थे कोठून आणलं, शेठ?"

"तुले काय कराचं?" मी म्हणालो.

मगाशी ज्या लोट्यातून फुलाला पाणी पाजलं होतं तो तिनं तिथंच रस्त्यावर पालथा घातला, तिथंच सोडला, आणि मागं न पाहता तांड्याकडे चालती झाली.

"हे काय झालं इले?" प्रयागबाईनं विचारलं. मी म्हणालो, "जंगली माणसं."

गाडी निघाली. बैलगाडीच्या चालीनं, त्याहून जोरात नाही. चाकाची प्रत्येक फेरी पुरी होताना मागून एक धप्प असा आवाज येई, ओल्या कपड्यांचं गाठोडं दगडावर आपटावं तसा. मोहनसिंग म्हणाला, पीळ एका जागी जमलाय, चालता चालता बसंन. फुलाची बडबड थांबली होती. अर्धा मैल गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आपुन सगळं घेतलं ना?"

"घेतलं ना, माय. ट्रंक हाये, टोपली हाये, सुरई हाये."

धप्प. धप्प. मग पुन्हा, "काई तरी राह्यलं मागं."

"काय राह्यलं?"

"आठोन नाई राह्यलं. पन राह्यलं."

प्रयागबाईनं ट्रंक उघडून एकेक वस्तू तिला दाखवली. फुला प्रत्येक वस्तूकडे नीट पाही, मान हलवी, आणि मग नजर मागच्या रस्त्यावर नेई. ऊन इतकं होतं की रस्त्यावर पाणी हलल्यासारखं दिसे आणि त्या पाण्यात काहीही दिसू शकलं असतं. मी तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. आमच्या दुकानातला तो किस्सा सांगितला, एक माणूस धोतर घ्यायला येऊन बायकोचं माप विचारून गेला तो. एरवी ती या किश्शाला पोट धरून हसे. आज तिनं माझं बोलणं संपू दिलं आणि शांतपणे म्हणाली,

"कुंचीले एकच बंद लावला होता, बाबा. दुसरा लावाचा राह्यला."

ती कुंची फक्त मी पाहिली होती. मोहनसिंग गाडीपासून हलला नव्हता. फुला आणि प्रयागबाई विहिरीवर होत्या, आणि विहिरीवरून पळस दिसत नव्हता.

"कोण्ती कुंची, वं?" प्रयागबाईनं विचारलं. "तुह्यासाठी अजून कोणं शिवली कुंची? आठव्याच्या आंधी कोणी शिवते काय, बाप्पा!"

फुलानं तिच्याकडे पाहिलं, जणू ही बाई कोण असं. मग म्हणाली, "गाडी थांबवा. मले उतराचं हाये."

गर्भारशीला वारंवार उतरावं लागतं, त्यात नवल काही नव्हतं. गाडी थांबली. रस्त्यापासून थोड्या अंतरावर बाभळीचं दाट बेट होतं, तिकडे ती गेली; प्रयागबाई सोबत गेली आणि बेटाच्या अलीकडे पाठ करून उभी राहिली. आम्ही दोघे पुरुष गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड करून थांबलो. वेळ लागला. जरा जास्तच लागला. प्रयागबाईनं दोनदा हाक मारली, पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेला "आली" असं आलं, आणि फुला पलीकडच्या अंगानं, जिथून गेली होती तिथून नव्हे, पदर सावरत बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा शांत. येऊन बैठकीवर बसली आणि म्हणाली, "चला."

त्यानंतर काही राहिलं असं ती एकदाही म्हणाली नाही. मागंही पाहिलं नाही. दांडी धरली नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर त्या चाकावर, गादीवर डोकं टेकून ती झोपी गेली. पाच-सहा फर्लांग गेल्यावर मोहनसिंगनं मान तिरकी करून कान दिला.

"शेठ, आवाज बंद झाला."

"बसला असंन पीळ."

"हो," तो म्हणाला. "बसला असंन."

दिवेलागणीला कारंज्याला पोचलो. बायकोनं, मनकर्णानं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला आत घेतलं. मी ओट्यावर बसलो तेव्हा इतका मोकळा झालो होतो की डोळ्यांत पाणी आलं. पोचवली, दोघांनाही सुखरूप पोचवली. रात्री मनकर्णा म्हणाली, "कशी शहाण्यासारखी वागून राह्यली पोरगी! पह्यले किती भेत होती सगळ्याले. आता मलेच म्हणते, आई, काळजी नको करू." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनसिंगनं टायर उघडलं. दुकानाच्या मागच्या अंगणात तो उकिडवा बसला होता आणि त्याच्यासमोर मातीवर दोन लुगडी पडली होती, दोन्ही हिरवी, पिळाच्या सुरकुत्यांनी भरलेली पण धड.

"शेठ, आपुन तीन टाकले होते ना?"

"झिजून पीठ झालं असंन तिसऱ्याचं."

त्यानं टायर उचलून माझ्यासमोर उपडं करून झटकलं. आत धूळ नव्हती, धागा नव्हता. आणि मी, ज्यानं चाळीस वर्षं कापड हाताळलं, मला माहीत होतं की दहा-बारा कोसांच्या वाटेत नऊ वारांचं लुगडं असं नाहीसं होत नाही. जे झिजतं ते कुठं तरी शिल्लक राहतं.

माजघरातून फुलाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. चांगला आवाज होता. मी दारापर्यंत गेलो आणि तिथंच उभा राहिलो, कारण एक विचार डोक्यात आला होता आणि तो घेऊन तिच्यासमोर जायची माझी छाती झाली नाही. बाळंतपण दोन महिन्यांवर. काही चुकलं असेल तर आत्ताच दुरुस्त करायला हवं. ज्याचं त्याला परत द्यायला हवं. दुकानात माझ्या स्वतःच्या घरासाठी राखून ठेवलेलं एक जांभळं लुगडं होतं. ते आणि ती दोन हिरवी मी एका कोऱ्या फडक्यात बांधली. जिनमधल्या एका ओळखीच्या माणसानं जुनी ट्यूब दिली. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मोहनसिंगला घेऊन निघालो. घरी सांगितलं, वाशीमला कामासाठी चाललोय.

पळस तोच होता, शेंदराचा दगड तोच. पळसाच्या बुडाशी मी ठेवलेला दगड बाजूला सारलेला होता आणि खाली काही नव्हतं. मातीत चौकोनी कोरी जागा तेवढी राहिली होती.

नानीबाई विहिरीवर होती. मला पाहून तिनं घागर खाली ठेवली, पण जवळ आली नाही. मध्ये दहा पावलं अंतर ठेवूनच बोलली.

"आता काय आणलं, शेठ?"

"परत कराले आलो. लेकराचे कपडे कोणं नेले?"

"तुमालेच ठाऊक नाई? तुमच्या पोरीनं नेले ना."

मी म्हणालो, माझी पोरगी घरी आहे, परवापासून घरीच आहे.

"त्याच दिशी, ऊन कलता कलता आली," नानीबाई म्हणाली. "कारंज्याच्या अंगानं, पायी, एकटी. म्या म्हटलं, काय झालं वं माय, बापानं काहून सोडलं तुले? ती सरळ पळसाकडं गेली, म्या मांगं मांगं गेली. तिनं दगड बाजूला केला, कपडे घेतले, तिथंच बसून कुंचीचा बंद लावला आन् आल्या वाटेनं परत गेली. पाणी देत होती मी, घेतलं नाई."

"माही पोरगी नसंन. ती गावातली... ती असंन. तिची लुगडी होती."

"तिले म्या जलमापासून पाह्यलं, शेठ. ती नव्हती." नानीबाईचा आवाज खाली आला. "तुमचीच होती. ह्या हातानं पाणी पाजलं म्या तिले, मले वळखू येत नाई का?"

"अंगावर काय होतं?"

मी हे का विचारलं, मला आजही कळत नाही. उत्तर मला माहीत होतं.

"तुमी नेलं थेच," ती म्हणाली. "जांभळं. दोघाईचं संगं ठेवलं होतं, शेठ. तुमी एकीचं नेलं, एकाचं ठेवलं. आता मले नका विचारू काई."

फडकं मी तिथंच पळसाखाली ठेवलं. ठेवताना कुणीतरी माझ्याकडे पाहत आहे असं वाटलं नाही. तिथं कुणी नव्हतं. ती जागा अगदी रिकामी होती, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

परत निघालो तेव्हा दुपार झाली होती. शेलूबाजार मागं पडला. मोहनसिंग नेहमी शीळ घाली, आज घालत नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्ही अंगांना ऊन उभं. आणि मग पुढं, लांबवर, रस्त्याच्या डाव्या कडेनं, आमच्याच दिशेला, एक बाई चालताना दिसली. दिवस भरत आलेली बाई चालते तशी, पाय फाकून, कमरेवर हात ठेवून, अगदी हळू. सकाळी येताना ती कुठल्या तरी झाडाखाली झोपली असेल. दुसऱ्या हाताच्या कवेत तिनं काहीतरी लहानसं धरलं होतं. उन्हानं जांभळा रंग आधी काळा दिसला, मग जवळ येता येता जांभळा, मग पिवळा काठ.

मोहनसिंगनं वेग कमी केला.

"शेठ," तो म्हणाला, "थांबू?"

एवढंच आठवतं की मी सगळा विचार केला. घरी एक पंचफुला होती, तिच्या पोटात हलणारं लेकरू होतं, मनकर्णा तिच्या केसांना तेल लावत असेल. हिला गाडीत घेतलं आणि घरी नेऊन दारात उभं केलं, तर त्या दोघींकडे पाहून बापानं काय विचारायचं? आणि त्या दोघींपैकी एकीला जावं लागलं, तर ती लेकरासकट जाईल की लेकराशिवाय? सहा वर्षं वाट पाहिली होती आम्ही.

गाडीचा आवाज ऐकून ती बाजूला झाली. धूळ अंगावर येईल म्हणून, रस्त्यानं जाणारी कुठलीही बाई करते तसं, तिनं कवेतल्या त्या वस्तूवर पदर ओढला. डाव्या हातानं. मग तिनं तोंड आमच्याकडे वळवायला सुरुवात केली आणि मी माझी मान खाली घातली, पार गुडघ्यांपर्यंत, आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"चालव," मी म्हणालो.

मैलभर गेल्यावर कानांवरचे हात काढले. मोहनसिंगचं तोंड पांढरं पडलं होतं. तो समोर रस्त्याकडे पाहत होता.

"शेठ, तिनं हाक मारली तुमाले," तो म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा फुला पाण्याचा लोटा घेऊन दारात आली, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "थकले तुमी, बाबा." आषाढात ती बाळंत झाली. मुलगा. दोघंही खुशाल. आता तो चार वर्षांचा आहे, आजोळी आला की माझ्या दुकानात गाद्यांवर लोळतो, फुला केनवडला सुखात आहे, वर्षातून दोनदा माहेरी येते, आणि तिच्या वागण्यात मला किंवा कोणालाही बोट ठेवता येईल असं आजवर काही सापडलेलं नाही.

मोहनसिंग त्यानंतर तीन वर्षं माझ्याकडे होता. आम्ही रोज एकमेकांसमोर होतो, शेकडो मैल गाडीत शेजारी बसलो. तिनं मला 'शेठ' म्हणून हाक मारली की 'बाबा' म्हणून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आणि तो सांगायला तोंड उघडतोय असं वाटलं की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागत असे.